अर्जावर एक ओळ वाढवा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

सुगी उरकून मळण्या झाल्या की आपल्या सीमाभागात दुसराच हंगाम सुरू होतो. कडोली, येळ्ळूर, उचगाव अशा गावांतून साहित्य संमेलनं भरतात, वाचनालयांच्या व्याख्यानमाला लागतात, युवक मंडळं धावण्याच्या शर्यती ठेवतात, महिला मंडळं पाठांतर ठेवतात. निबंध, वक्तृत्व, कथाकथन, हस्ताक्षर, किती सांगावं. दिवाळीपासून शिवजयंतीपर्यंत पोरांना उसंत नसते. एवढं सगळं लोक पदरमोड करून करतात, त्यामुळे कुणा एका मंडळाबद्दल तक्रार करायला मी बसलेली नाही. पण आजवर हातात आलेल्या बहुतेक अर्जांच्या तळाला एक चौकोन दिसला : ‘मुख्याध्यापकांची सही व शाळेचा शिक्का’. त्याच्याखाली ‘किंवा पालकांची सही व जन्मदाखल्याची प्रत’ एवढी ओळ संयोजकांनी छापावी, यासाठी हे पत्र.

माझी दोन्ही मुलं घरी शिकतात. थोरली ११ वर्षांची, धाकटा ८. गाव बेळगाव तालुक्याच्या पश्चिमेला, मार्कंडेय नदीच्या काठचं. मालक उद्यमबागेत एका फौंड्रीत मोल्डिंगला आहेत. सासरे शेत बघतात, सासूबाई म्हैस बघतात आणि उरलेल्या वेळात आम्हा सगळ्यांना बघतात. मी मराठी माध्यमातून डी.एड. केलं, नोकरी काही लागली नाही. २०२० च्या मार्चमध्ये शाळा बंद झाल्या तेव्हा थोरली पहिलीत जायची होती. त्या पावसाळ्यात सरकारच्या विद्यागम योजनेचे वर्ग देवळाच्या कट्ट्यावर भरले, ऑक्टोबरात तेही थांबले. तोवर घरातच तिचं इतकं मार्गी लागलं होतं, की शाळा उघडल्यावर आम्ही म्हटलं, एक वर्ष बघू. ते वर्ष अजून चालू आहे, आणि मागोमाग धाकटाही त्यात आला.

हे कायद्यात बसतं का, असं गावात मला वरचेवर विचारतात. २००९ चा शिक्षण हक्क कायदा ६ ते १४ वयाच्या मुलाला शाळेचा हक्क देतो, मुलाला शाळेत घालणं हे पालकांचं कर्तव्य आहे असंही सांगतो. पण न घातलं तर पालकांना शिक्षा करणारं कलम त्यात नाही आणि घरी शिकवण्याबद्दल तो काही बोलतच नाही. उद्या मुलांना शाळेत जावंसं वाटलं तर त्यांना वयाप्रमाणे वर्गात घ्यावं लागतं. दहावीला राष्ट्रीय मुक्त विद्यालयातून बसता येतं. १४ वर्षं पूर्ण लागतात, परीक्षा वर्षातून दोनदा होते. ज्यांना काळजी वाटते त्यांच्यासाठी एवढं सांगून पुढं जाते.

आता आमचं थंडीतलं घर. बेळगावला गरिबांचं महाबळेश्वर म्हणतात ते काही उगीच नाही. नदीकाठाला सकाळी धुकं असं बसतं की गोठ्यातली म्हैस दिसत नाही, नुसती ऐकू येते. मालक पहिल्या पाळीला गेले की सासूबाई बंब पेटवतात. धाकटा वाकळेतूनच पाढे म्हणतो. त्याला नुसते पाढे येऊन भागत नाही, सासऱ्यांनी त्याला पावकी, निमकी आणि दिडकी (पाव, अर्ध्या आणि दीड पटीचे पाढे) लावलेली आहे. ‘चार शेरांची पायली, मग तीन पायली आणि एक शेर म्हणजे किती शेर?’ असं ते चुलीपुढं शेकत विचारतात, आणि तो वाकळेतून उत्तर देतो. चुकला की वाकळ ओढली जाते. बालमानसशास्त्राच्या तासाला मला असं शिकवलं नव्हतं, पण पोरगं अपूर्णांकाला घाबरत नाही.

उन्हं अंगणात आली की नाचण्याची आंबील पिऊन वाचन. बालभारतीची पुस्तकं मोबाईलवर मोफत उतरवता येतात, कर्नाटकाची मराठी माध्यमाची पुस्तकं गावातल्या पोरांकडून मिळतात. आम्ही दोन्ही लावतो. त्याचा इतिहासाला फार उपयोग होतो. एका पुस्तकात शिवाजी महाराज पोटभर भेटतात, दुसऱ्यात इंग्रजांशी लढलेले कित्तूरची चन्नम्मा आणि संगोळी रायण्णा. जानेवारीत तर आमचा इतिहास एस.टी.तच होतो. १७ तारखेला बेळगावच्या हुतात्मा चौकात, १९५६ साली सीमालढ्यात गोळीबारात गेलेल्यांना फुलं वाहायला. २६ तारखेला झेंडावंदन झालं की खानापूर तालुक्यातल्या नंदगडला, कारण १८३१ साली याच तारखेला इंग्रजांनी रायण्णाला तिथं फाशी दिलं. ‘मग आपण दोघांच्या बाजूचे का?’ असं धाकट्यानं बसमध्ये मोठ्यानं विचारलं, तेव्हा पुढच्या बाकावरचे आजोबा वळून हसले. मी होय म्हटलं. (महाराष्ट्रातल्या चंदगडला नणंदेकडे जाताना शिनोळीला हद्द ओलांडली की पाट्या बदलतात, हेही धाकट्यानं तसंच ओरडून जाहीर केलं होतं. २०२२ च्या डिसेंबरात दोन्हीकडच्या बस थांबल्या तेव्हा मात्र सगळा सीमाप्रश्न त्यांना एका दिवसात कळला : आत्याकडे जायचं राहिलं.)

डिसेंबरात आम्ही अंगणात काठी रोवतो. जमिनीवर बरोबर एक मीटर उरेल अशी. मालकांनी फौंड्रीतून ओळंबा आणून ती सरळ करून दिली. दुपारची सावली रोज मोजायची आणि वहीत लिहायची. २२ डिसेंबरला ती ८२ सेंटिमीटरच्या आसपास भरते, जानेवारीअखेरपर्यंत ६६ वर येते. पण खरी गंमत लांबीत नाही, वेळेत आहे. सावली सगळ्यात आखूड बाराला होत नाही, साडेबाराला होते. का? तर आपलं घड्याळ मिर्झापूरजवळून जाणाऱ्या साडेब्याऐंशी अंश रेखावृत्ताचं, आणि बेळगाव साधारण साडेचौऱ्याहत्तरवर. आठ अंशांचा फरक, एका अंशाला चार मिनिटं. हे गणित थोरलीनं मांडलं आणि ३२ आलं, तेव्हा ती एवढी खूश झाली की आजोबांना सांगायला शेताकडे पळाली. पुढं तिनंच मला अडवलं. संक्रांत आली, दिवस मोठा होतोय म्हणता, मग सकाळी डेअरीला दूध घालायला जाताना अजून अंधार का? मी वेळ मागून घेतला. पृथ्वीचा आस कललेला आहे, शिवाय जानेवारीच्या सुरुवातीला ती सूर्याच्या सगळ्यात जवळून आणि म्हणून जास्त वेगानं जात असते. या दोन्हींमुळे घड्याळातली खरी दुपारच त्या दिवसांत रोज थोडी पुढं सरकते. दिवस वाढतो तो संध्याकाळच्या बाजूनं, आणि सूर्योदय जानेवारीच्या तिसऱ्या-चौथ्या आठवड्यापर्यंत उशिराच होत जातो. हे नीट समजायला मला रात्र जागावी लागली. शाळेत तास संपला असता.

भात निघालं की जमिनीत ओल असेतो आमच्याकडे मसूर पेरतात. तिला पाणी द्यायचं नसतं. जमिनीतली ओल आणि रात्रीचं दव यावर ती येते. सासरे म्हणतात, मसुरीचा बेवड चांगला पडतो, पुढचं भात जोमानं येतं. बेवड म्हणजे नेमकं काय होतं ते शोधायला थोरलीनं एक रोप खणून काढलं. उपटलं की मुळं तुटतात, खुरप्यानं ढेकळासकट काढून पाण्यात धुवावं लागतं, हे तिला सासूबाईंनी दाखवलं. मुळांवर मोहरीएवढ्या गाठी होत्या. नखानं फोडल्या तर आत गुलाबी. गुलाबी म्हणजे गाठ कामावर आहे. आतले जिवाणू हवेतला नत्र धरून झाडाला देताहेत. फुलोरा सरल्यावर पुन्हा बघितलं तर बऱ्याच गाठी हिरवट-तपकिरी, सुरकुतलेल्या. या सगळ्याची तिनं चित्रं काढली. सासऱ्यांनी ती चित्रं चष्मा लावून बघितली, आणि आयुष्यभर मसूर पेरलेल्या माणसानं पहिल्यांदा गाठ फोडून बघितली.

नदीपलीकडे गुऱ्हाळ लागतं, तिथं आम्ही दुपारचे जातो. चुलवाणात चिपाड सारणारा माणूस धाकट्याचं दैवत आहे. रसात चुन्याची निवळी आणि भेंडीचं पाणी कशाला घालतात, मळी वर कशी येते, हे तिथं बघायला मिळतं. काकवी कुठं संपते आणि गूळ कुठं सुरू होतो, हे गुळव्या नुसत्या बोटानं ओळखतो. मी एकदा स्वयंपाकाचा थर्मामीटर नेला होता. त्यानं काहील उतरवायला सांगितली तेव्हा काटा ११८ अंशाजवळ होता. ‘बघा, यंत्र बरोबर आहे,’ असं तो म्हणाला.

तिथंच बांधाला बीडकडच्या ऊसतोड टोळीच्या कोप्या, म्हणजे झोपड्या, असतात. त्या कोप्यांतली पोरंही दिवसभर शाळेबाहेरच. आमच्या थोरलीच्या वयाची एक मुलगी आहे, तिला मोळ्यांचा हिशेब तोंडी येतो, अगदी उचलीतून (आगाऊ घेतलेल्या पैशांतून) वळते करून. थोरली तिला गोष्टीची पुस्तकं देते, ती हिला उसाच्या वाढ्याची मोळी कशी आवळायची ते दाखवते. मला माझं घरचं शिक्षण आणि त्या मुलीचं शाळेबाहेर असणं एकाच पंगतीला बसवायचं नाही. आम्ही निवडलंय, तिच्यावर आलंय. पण शिक्क्याच्या चौकोनापुढं दोघी सारख्याच.

गेल्या थंडीत एका गावच्या निबंध स्पर्धेचा विषय होता ‘माझे शिवार’. थोरलीनं मसुरीच्या गाठींवर लिहिलं. आम्ही नोंदणीला गेलो. टेबलावर बसलेले गृहस्थ सज्जन होते. त्यांनी निबंध उभ्या उभ्या वाचला, ‘बाळ, गाठ तू स्वतः फोडलीस?’ असं विचारलं, आणि मग अर्ज उलटून बघितला. ‘शिक्का राहिलाय.’ मी सांगितलं तसं ते अडचणीत आले. म्हणाले, ‘वहिनी, शिक्क्याशिवाय नोंद केली तर उद्या दुसरे बोलतील.’ बाजूला एक निवृत्त गुरुजी होते. त्यांनी आपुलकीनं तोड काढली : माझ्या ओळखीच्या शाळेचा शिक्का मारून आणतो, दहा मिनिटांचं काम. माझं मन क्षणभर डळमळलं, खरंच. थोरली म्हणाली, ‘पण तिथल्या हजेरीत माझं नाव नाही की.’ गुरुजी गप्प झाले. निबंध त्या गृहस्थांनी स्वतःला वाचायला म्हणून ठेवून घेतला. स्पर्धेत तो गेला नाही.

शिक्का कशाला लागतो, याचा मी बराच विचार केला. मुलाचं वय आणि ओळख पटावी म्हणून असेल, तर जन्मदाखला त्याहून पक्का. निबंध घरच्यांनी लिहून दिला नाही याची खात्री म्हणून असेल, तर ती शिक्क्यानं होत नाही. जागेवर बसवून लिहून घेतल्यानं होते, आणि पुष्कळ ठिकाणी तसं घेतातच. फिरती ढाल शाळेला द्यायची म्हणून असेल, तर ढालीच्या गुणांतून आमच्या मुलांना खुशाल वगळा. गट ‘इयत्ता ५ वी ते ७ वी’ असा असतो, त्याऐवजी किंवा त्यासोबत ‘वय १० ते १२’ लिहिलं की प्रश्न मिटतो. शिक्षण खात्याच्या क्रीडा स्पर्धा या शाळांच्याच असतात, तिथं आमचा काही दावा नाही. धाकट्याला खो-खोचं वेड आहे आणि गावच्या शाळेतले गुरुजी खेळाच्या तासाला त्याला मैदानात घेतात, हीच मोठी गोष्ट. कारण थंडीतल्या दुपारी अकरा ते चार गावात एक पोर दिसत नाही, आणि त्या वेळात तो कुंपणाशी जाऊन उभा राहतो. घरी शिकवणाऱ्यांनी हे लपवू नये.

गुरुजींचं नाव निघालं तेव्हा एका आक्षेपाबद्दल बोललंच पाहिजे. तो मला आमच्याच माणसांनी, संमेलनाच्या मांडवात ऐकवला आहे. मराठी शाळांचा पट घटत चाललाय, एकेका पोरासाठी शिक्षक दारोदार फिरतात, आणि तुम्ही डी.एड. झालेली बाई दोन पोरं घरात ठेवता? बाकीच्या सगळ्या प्रश्नांना माझ्याकडे पूर्ण उत्तर आहे, याला अर्धंच. पटावर दोन नावं कमी आहेत हे खरं. पण ज्या मांडवात मला हे ऐकवलं, तिथं टाळ्या वाजवणाऱ्या कितीजणांच्या दारात सकाळी इंग्रजी शाळेची पिवळी गाडी थांबते, हेही मला माहीत आहे. माझी पोरं मराठीत गणित मांडतात, मराठीत भांडतात, शेजारच्या अक्कांकडून कानडी शिकतात आणि बसची पाटी वाचून दाखवतात. शनिवारी मी गावच्या शाळेत पहिली-दुसरीच्या पोरांना गोष्टी वाचून दाखवायला जाते, गुरुजींनीच बोलावलंय म्हणून. यानं पट वाढत नाही. माझ्या हातून होतं ते एवढं.

‘एक ओळ वाढवली तर सगळेच पोरं घरी ठेवतील’ अशी भीती कुणाला असेल, तर त्यांनी एक दिवस आमच्याकडे यावं. पोरांचे प्रश्न, म्हशीचं दूध, मसुरीची भांगलण आणि सासूबाईंचा बंब, हे सगळं एका बाईनं कसं सांभाळायचं ते बघितलं की भीती जाईल. बहुतेकांना शाळाच सोयीची आहे आणि तीच असावी. शिक्का नसलेली पोरं थोडी आहेत : आमच्यासारखी एखाददुसरी, आजारपणानं घरी असलेली, मेंढरांच्या कळपाबरोबर येणारी, कोप्यांतली. अर्ज आले तरी मूठभर येतील.

ज्या मंडळांना ही ओळ घालायची आहे त्यांनी फार काही करायला नको. छापलेल्या अर्जावर रबरी शिक्क्यानं ती उमटवली तरी चालेल. निकालात शाळेच्या नावाच्या जागी गावाचं नाव लिहावं. आपल्या वृत्तपत्रातून वाचनालयांचे आणि संमेलनांचे कार्यकर्ते हे वाचतील, म्हणून आपल्याला लिहिलं. यंदाचे बहुतेक अर्ज संक्रांतीच्या आतच बंद होतात; तेव्हा जागा असेल तर पत्र लवकर घ्यावं, लांबलं असेल तर सावलीचा आणि गुऱ्हाळाचा भाग कापावा, अर्जाचा मात्र ठेवावा.

कळावे,
आपली एक वाचक,
मार्कंडेय नदीकाठ, ता. बेळगाव